व्हॅनचा कॉम्प्रेसर आणि नवसाचा नारळ

देवीवर मी रागावले होते असं म्हटलं तर ते खरं ठरणार नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात राहिला नव्हता. मी नुसती दमले होते. सकाळी देवघरात दिवा लावायचे, हात जोडायचे, आणि काय मागावं तेच सुचायचं नाही. मागून मागून मागणंसुद्धा झिजतं बघा. कधी वाटायचं, या दिव्यापलीकडं ऐकणारं कोणी आहे का, का आपलं आपणच बडबडतोय? तेवढ्यात बाहेरच्या खोलीतनं उत्तमची हाक यायची. "आई, कूस." एवढंच म्हणायचा. मग तो प्रश्न देवापुढं तसाच ठेवून मी त्याला कुशीवर वळवायला जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दिवसा कूस, रात्री कूस, आणि उन्हाळा आला की ओली चादर. वाळली की भिजवायची, भिजवली की पिळायची, पिळली की अंगावर घालायची.

उत्तम माझा थोरला. आमच्या कोरेगावकडं घराघरातनं एखादा तरी फौजेत असतो, तसा तोही गेला. बर्फाच्या मुलखात नेमणूक होती. तिथं एका वळणावर त्यांची गाडी दरीत गेली आणि त्याचा मानेतला मणका मोडला. जीव वाचला, पण मानेखालचं अंग त्याला परकं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की ह्याच्या अंगाला आता घाम येणार नाही. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. उलट मनात आलं, चला, धुणं तेवढं कमी. तेव्हा त्यांनी नीट समजावलं. घाम ही अंगाची निवायची वाट असते. ती बंद झाली की उन्हात आतली धग आतच कोंडते, ताप चढत जातो, माणूस भ्रमिष्ट होतो आणि हातचा जातो. बर्फातनं परत आलेलं माझं पोर, आणि त्याला जपायचं होतं ते आमच्या साध्या चैत्र-वैशाखाच्या उन्हापासनं.

तो दवाखान्यात बेशुद्ध होता तेव्हा मी नवस बोलले होते. आमच्या कुळाची आई कवठे महांकाळच्या पलीकडं एका माळावर आहे. देऊळ लहानच, भोवती खडक आणि बोरी-बाभळी. तिला म्हटलं, माझा उत्तम वाचू दे. चैत्रात त्याला तुझ्या दारात आणीन आणि त्याच्या हातानं तुझ्यापुढं नारळ फोडीन. त्याचे हात उठणार नाहीत, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. तो वाचला, म्हणजे आईनं तिचं केलं. माझं तेवढं राहिलं, आणि जे राहिलं ते होण्यासारखं नव्हतं. देवळाच्या गुरवाला निरोप पाठवून विचारलं, तर त्यानं सांगितलं, नारळाला त्याचा हात लावा आणि दुसऱ्या कोणीही फोडा, आईला चालतं. माझ्या मनाला ते पटेना. त्याच्या हातानं म्हणाले होते ना मी? मग त्याच्याच हातानं. दर चैत्र आला की हा घोर छातीवर येऊन बसायचा, आणि पाऊसपाणी झालं की जरा मागं सरायचा.

घरात एक जुनी व्हॅन होती. उत्तमला फौजेतनं जे मिळालं त्यातनं ती घेतलेली. आधी सांगलीतल्या एका व्यापाऱ्याची होती, आणि त्यानं हौसेनं तिला एसी बसवून घेतला होता. आम्ही ती घेतली ती त्या एसीसाठीच. आमच्या आळीत त्या काळी एसी कोणी बघितलेला नव्हता. बायका म्हणायच्या, म्हातारपणी हिला बरी गार हवा सुचली. मधली सीट काढून आम्ही फळी टाकली, फळीवर गादी, आणि उत्तमला त्यावर निजवून दवाखान्याला न्यायचो. गाडी म्हातारी होती आणि एसी तिच्याहून म्हातारा. कॉम्प्रेसर ही काय वस्तू असते ते मला कराडच्या एका गॅरेजात कळलं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक जडशीळ लोखंडी गोळा. तोच आतला गॅस दाबतो, म्हणून गार वारा येतो. म्हणजे एसीचं काळीजच म्हणा. आमचं ते काळीज गळत होतं. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, पावसाळ्यापर्यंत तो निघून जायचा. गॅरेजवाला म्हणायचा, मावशी, हा बदलाय पाहिजे. मग बदल की बाबा, तर म्हणे, ह्या जुन्या बनावटीचा आता कुठं मिळत नाही, पुण्याला सांगून ठेवलंय. ते सांगणं तिकडंच राहिलं.

त्या वर्षी माझे गुडघे फार दुखायला लागले. उत्तमला वळवताना एकदा मीच त्याच्या अंगावर पडले. तो हसला, म्हणाला, "आई, आता आपल्या दोघांना मिळून एक माणूस ठेवूया." मी पण हसले, पण त्या दिवशी मनानं ठरवलं, की यंदाच्या चैत्रात नवस फेडायचा. जसा फिटेल तसा. पुढच्या वर्षी माझ्यानं होईल याची खात्री नव्हती. उत्तमचा देवीवर फारसा भरवसा नव्हता, पण तो माझ्यासाठी तयार झाला. गाडी चालवायला माझा धाकटा भाऊ नाना आला. नाना एसटीत ड्रायव्हर होता, नुकताच रिटायर झालेला. सगळ्या जगाकडं तो एसटीच्या काचेतनंच बघायचा. निघायच्या दिवशी त्यानं पहाटे उठून व्हॅनच्या तोंडावर झेंडूचे हार बांधले. एक नाही, एकावर एक, आणि मधनं मधनं कडुलिंबाच्या डहाळ्या. पुढची जाळी दिसेनाशी झाली. दसऱ्याला डेपोत ह्याच्या गाडीचा हार सगळ्यात जाड असायचा, आणि ती ऐट त्यानं घरी आणली होती. मी नारळ, खण आणि हळदीकुंकू पिशवीत घातलं. पाण्याचा मोठा कॅन भरून घेतला, चादरी घेतल्या, आणि आम्ही उजाडायच्या आधी निघालो.

ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. पण कराडला उत्तमनं संगमावर थांबायचा हट्ट धरला. तिथं कॉलेजात तो काही दिवस होता, फौजेत जायच्या आधी. नानानं गाडी पाण्याच्या जेवढी जवळ नेता येईल तेवढी नेली आणि मागचं दार उघडलं. कृष्णा-कोयनेचं पाणी एकमेकांत मिसळताना तो गादीवरनं बघत राहिला. वारा सुटला होता. त्याच्या तोंडावर असं काही आलं होतं, की चला म्हणायला माझी जीभ रेटेना. नानाचीही रेटली नाही. त्यामुळं उशीर झाला. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तासगाव सोडलं आणि एसीतनं करकर ऐकू यायला लागली. जात्यात खडा सापडल्यासारखी. मी नानाला म्हटलं, बघ रे जरा. तर तो म्हणाला, "आक्का, गाडी बोलती हाय तवर काळजी न्हाई. गप झाली की घाबरायचं." एसटीत म्हणे हाच नियम. पुढं करकर वाढली, वारा कोमट झाला, आणि कवठे महांकाळ अजून लांब असताना पुढनं रबर जळल्याचा वास आला, काहीतरी फाडकन तुटलं, आणि गाडी खरंच गप झाली. म्हणजे इंजिन चालू होतं, पण वारा गेला. नानानं खाली उतरून बघितलं. कॉम्प्रेसर जाम बसला होता आणि त्याचा पट्टा तुटून लोंबत होता. तो पट्टा काढून टाकला तर गाडी चालणार होती. पण चालवून जायचं कुठं? पुढं देऊळ माळावर, तिथं सावलीसुद्धा नाही. मागं मिरजेचा दवाखाना, पण तापलेल्या पत्र्यात एवढी वाट त्याला सोसली नसती. दोन्हीकडं माळ, मधनं मधनं द्राक्षाच्या बागा, आणि डोक्यावर बारा वाजायला आलेलं ऊन.

मी चादर भिजवली, त्याच्या अंगावर घातली, गाडीतल्या एका वहीनं वारा घातला. चादर बघता बघता कोरडी. परत भिजवली. कॅन संपला. काखेतला थर्मामीटर काढून बघितला आणि नानाला दाखवला नाही. उत्तमचं तोंड लाल झालं होतं, आणि घामाचा एक थेंब नाही. मग तो म्हणाला, "आई, समोर समदं पांढरं दिसतंय. बर्फ पडलाय." ते ऐकलं आणि माझ्या हातातली वही खाली पडली. मी गाडीच्या पायरीवर बसले. खरं सांगते, त्या वेळी मी प्रार्थना केली नाही. माझ्या आत बोलायला कोणी शिल्लकच नव्हतं. माळाच्या दिशेला बघून नुसतं म्हटलं, "आई, माझं संपलं. आता तू बघ." ह्यात भक्ती किती आणि थकवा किती, हे मला सांगता येणार नाही. माझ्या मतानं थकवाच जास्त होता.

रस्त्याच्या पलीकडं, जरा आत, एक मोठी बिनखिडक्यांची इमारत होती आणि तिच्या कडेला पत्र्याची शेड. मला ती दिसत होती, पण ती कशाची ते कळायला डोकं चालत नव्हतं. शेडमधनं एक बाई उठून आमच्याकडं आली. चाळिशीची असेल, पदर डोक्याला घट्ट बांधलेला, हाताला बेदाण्याचा चिकटा. तिनं मला काही विचारलं नाही. सरळ व्हॅनमध्ये वाकली, उत्तमच्या कपाळाला मनगट लावलं आणि तशीच मागं वळली.

"ह्यास्नी आत घ्यायचं," ती म्हणाली. "बोलायचं मागनं. मावशी, तुमी उठा."

ते बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. त्या भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करतात आणि भाव येईपर्यंत तो गारव्यात ठेवतात. तो चैत्र म्हणजे माल आत भरायचाच हंगाम. ती बाई, सुमन तिचं नाव, शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायकांवर मुकादम होती. तिनं हाक मारली तशा चार बायका ताडपत्री घेऊन धावल्या. गादीसकट उत्तमला ताडपत्रीवर घेतलं आणि खोकी उचलावीत तसं सगळ्यांनी मिळून उचललं. दारात तिथलं गारव्याचं मशीन सांभाळणारा मशीनवाला आडवा आला. मालकास्नी न इचारता मानूस आत घेता येत न्हाई, म्हणाला. सुमन चालता चालता थांबलीसुद्धा नाही.

"मालकास्नी मी सांगते. बेदाण्याला गार लागतं आन मानसाला न्हाई व्हय?"

तो बाजूला झाला. झाला एवढंच नाही, तर त्यानंच पुढं होऊन दार उघडलं आणि सांगितलं, की एकदम आतल्या चेंबरमध्ये नेऊ नका, तिथला गारठा अंगावर येईल, अलीकडच्या खोलीत ठेवा. चेंबरच्या आधी एक खोली होती, जिथं खोकी मोजून मग आत जायची. तिथं आम्ही त्याला निजवलं. दार लावलं आणि बाहेरचं ऊन, माळ, धूळ सगळं एकदम कोणीतरी कापून टाकल्यासारखं झालं. अंधूक उजेड, बेदाण्याचा गोड आंबूस वास, आणि चेंबरच्या फटीतनं येणारा गार वारा पायाला लागत होता. सुमननं चादर भिजवून आणली, त्याच्या अंगावर पसरली, आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला बसली. मध्येच लाइट गेली. मी चेंबरच्या फटीकडं बघितलं. ती म्हणाली, "जनरेटर हाय, मावशी. बेदाण्याचा जीव लय नाजूक असतोय." आणि खरंच, बाहेर ढगढग करत जनरेटर चालू झाला.

किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. पारा आधी थांबला, मग उतरायला लागला. उत्तमनं डोळे उघडले, वरच्या छताकडं बघितलं, रचून ठेवलेल्या खोक्यांकडं बघितलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "आई, ही कुठली चौकी?" मी म्हटलं, "बेदाण्याची, बाबा." तो म्हणाला, "मग पोस्टिंग बरं हाय." तेव्हा माझ्या डोळ्याला पहिल्यांदा पाणी आलं.

इकडं नानानं ऑफिसातनं फोन लावला होता. कोल्ड स्टोरेजच्या टेम्पोची कामं करणारा एक मिस्त्री मिरजेला होता आणि तो गाड्यांचे एसीही बघायचा. नानानं त्याला आमच्या व्हॅनची बनावट सांगितली. तो म्हणाला, की तसला कॉम्प्रेसर त्याच्या फळीवर पडून आहे. एका गिऱ्हाइकानं मागवून घेतला आणि नंतर तो माणूस न्यायला आलाच नाही. कराडच्या गॅरेजवाल्याला इतके उन्हाळे न मिळालेली वस्तू मिरजेत एका फळीवर वाट बघत बसली होती. स्टोरेजचा टेम्पो बेदाणा घेऊन सांगलीला गेला होता आणि तो परत यायचाच होता. त्याला निरोप गेला, वाटेत मिरजेला थांब आणि मिस्त्रीला घेऊन ये. नाना हे सगळं मला दारात उभा राहून सांगत होता. मी ऐकत होते आणि मला त्यातलं काहीच अजब वाटत नव्हतं. अजब वाटायलाही अंगात बळ लागतं. नंतर घरी गेल्यावर एकेक आठवून मी बसून राहिले, ती गोष्ट वेगळी.

उत्तमला तहान लागली होती. तिथलं पाणी टाकीचं, कडक आणि मचूळ, ते त्याला घशाखाली जाईना. सुमनचं लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं. "नारळ हाय की," ती म्हणाली. "फोडा त्यो. त्यातलं पानी द्या ह्यास्नी."

मी पिशवी जवळ ओढली. मग तिला सांगितलं, की तो नवसाचा आहे. माळावरच्या आईचा. आणि एकदा सांगायला लागले तशी सगळंच सांगून टाकलं, दवाखान्यातलं बोलणं, त्याच्या हातानं फोडायचं, आणि हात उठत नाहीत ते. इतकी वर्षं हे मी घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. ती पुठ्ठा हलवत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मावशी, आमी बौद्ध. देवीबिवी मी मानत न्हाई, तवा आईला काय चालतं आन काय न्हाई ते मला इचारू नका. पन ह्यास्नी तहान लागलीया, आन हात तर त्यांचे हितंच हायती." मग उत्तमकडं वळून विचारलं, "दादा, फोडायचा का?"

त्याला काय करायचं ते कोणी कधी विचारायचं नाही. आम्ही ठरवायचो आणि त्याला सांगायचो. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "फोडूया."

दाराला अडकण म्हणून लावलेला एक काळा दगड होता. तो तिनं धुऊन आणला आणि गादीला लागून ठेवला. उत्तमचा उजवा हात उचलून पंजा नारळावर ठेवला. बोटं मिटत नव्हती. तिनं वरनं आपली बोटं घातली, मी खालनं घातली. तीन हातांच्या मध्ये तो नारळ होता, आणि त्याचा हात सगळ्यात आत, नारळाला चिकटलेला. वर उचलला आणि दगडावर आणला. पहिल्याच घावाला फुटला. पाणी सांडायच्या आत तिनं वाटी धरली.

"फुटला का?" उत्तमनं विचारलं. "मला कळलं न्हाई. पन आवाज आला."

मी त्याला वाटीनं ते पाणी पाजलं. तो घोट घोट प्यायला. माळावरच्या देवळात हे झालं असतं तर मी काय काय बोलले असते, किती लोटांगणं घातली असती. तिथं त्या खोक्यांमध्ये माझ्या तोंडातनं एक शब्द आला नाही. छातीवरचा तो दर चैत्राचा घोर हळूच उठून गेला, कोणी पाहुणा जेवून उठावा तसा. तो गेला हेसुद्धा मला जरा वेळानंच समजलं.

टेम्पो आला, मिस्त्री उतरला. बोलका माणूस, येता येताच नानाला म्हणाला, मामा, एसटीला एसी न्हाई म्हणून तुमचं भागलं. व्हॅनच्या पुढं जाऊन तो हार बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ह्याच्यातनं वारा कुठनं जायचा आत? एसीची जाळी ह्या पुढच्या जाळीच्या मागं असती. दम कोंडला असंल गाडीचा." नानाचं तोंड एवढंसं झालं. मिस्त्रीनं हार सोडून शेडच्या खांबाला नीट अडकवला, फेकला नाही, आणि नानाला म्हणाला की ह्या हारामुळंच गेला असं काही तो म्हणत नाही, कॉम्प्रेसर तसाही जायचाच होता, आज नाही तर उद्या. जुना गोळा काढून त्यानं पालथा केला तर काळं तेल गळलं आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. मला वाईट वाटलं त्याचं. इतके उन्हाळे त्यानं माझ्या पोराला गार ठेवलं होतं, आतनं झिजत झिजत. मी त्याला हात लावला आणि मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तुझंही संपलं होतं ना रे.

नवा बसायला वेळ लागला. एक पट्टी जुळेना, ती स्टोरेजच्या वर्कशॉपात तापवून वाकवून आणली. नळ्या धुतल्या, पट्टा घातला, मशीन लावून आतली हवा ओढून काढली, मग गॅस भरला. नाना सारखा मध्येमध्ये सांगत होता आणि मिस्त्री सारखा व्हय व्हय म्हणून आपलंच करत होता. उन्हं कलली तेव्हा त्यानं मला हाक मारली आणि माझा हात गाडीच्या आत धरायला लावला. गार वारा आला, आणि करकर नाही. मिस्त्रीनं त्याचे पैसे घेतले, पण कोल्ड स्टोरेजवाल्यांनी, त्या मशीनवाल्यानं, कोणी पैशाला हात लावला नाही.

आता सुमनला काय द्यायचं? माझ्या पिशवीत आईचा खण होता. मी तो काढला आणि अर्धा नारळ वर ठेवून तिच्यापुढं धरला. आमच्या रीतीत ज्याच्यापुढं मान वाकवावीशी वाटते त्याला हेच देतात, मला दुसरं सुचलंच नाही. तिनं खण हातानं बाजूला केला. रागानं नाही, अगदी सहज. "त्यो तुमच्या आईचा, तिलाच ठेवा," म्हणाली. मग नारळाच्या वाटीकडं बघून हसली. "ह्यो घेते. परसाद म्हणून न्हाई घेत बरं का, मावशी. खोबरं म्हणून घेते. पोरास्नी लय आवडतंय." आणि तिथंच नखानं एक तुकडा काढून तिनं तोंडात टाकला.

उत्तमला परत गादीसकट गाडीत घेतलं. नानानं विचारलं, "आक्का, आता कुठं? देऊळ हितनं तासाभराच्या वाटेवर हाय." सवयीनं मी तोंड उघडलं, आणि मग थांबले, आणि उत्तमला विचारलं. तो म्हणाला, "नारळ तर फुटला, आई. आता तिथं काय घिऊन जायचं? मला घरी ने." गाडी वळवली. माळ संध्याकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता, देऊळ काही दिसत नव्हतं. जिथं असेल असं वाटलं तिकडं मी हात जोडले आणि खण मांडीवर धरून बसले. वाटेत उत्तम शांत झोपला. कूस बदलायला त्यानं एकदाही हाक मारली नाही. मी जागीच होते, पण बऱ्याच वर्षांनी मला टेकून बसता आलं.

खण मी पुढं एसटीनं एकटी जाऊन आईला वाहिला. आईनंच हे सगळं केलं असं मी कोणाला पटवत बसत नाही, आणि सुमनला तर तसं सांगायची माझी छातीच नाही. एवढंच मला समजलं, की मी नवसाला इतकी घट्ट धरून होते, की आईलाही त्यात वारा जायला जागा ठेवली नव्हती. दमून हात सुटले, तेव्हा कुठं तिची झुळूक आत आली. हात सुटणं म्हणजेच शरण जाणं असेल, तर ते मला साधलं नाही, माझ्याकडनं होऊन गेलं, आणि त्याबद्दलही मी तिची ऋणीच आहे.

उरलेला अर्धा नारळ घरी आल्यावर मी आळीत वाटला. वाटताना प्रसाद म्हणून वाटला. मग आत येऊन उत्तमला भरवला, आणि एक तुकडा मी खाल्ला, तो मात्र नुसतं खोबरं म्हणून. गोडीत काही फरक लागला नाही.